अर्धं पाऊल डावीकडे

गायेल केर्मारेक सलग सहाव्या सामन्यात बाकावर बसला होता, आणि त्याला बाकावर बसवणारं यंत्र मी बनवलं होतं. वर आणखी कहर म्हणजे ते यंत्र मी त्याच्याचकडून शिकवून घेतलं होतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, तक्रार करणार कुणाकडे?

पोर्झेल हे फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्यावरचं छोटं बंदर. मासळी, खारा वारा आणि फुटबॉल एवढंच इथे आहे. क्लब दुसऱ्या विभागात खेळतो, म्हणजे वर जायची स्वप्नं बघत खाली घसरायच्या भीतीत जगतो. गायेल इथे पंधरा हंगाम खेळला. बचावपटू, वय पस्तीस. राष्ट्रीय संघाने त्याला एकदाही बोलावलं नाही. अख्ख्या कारकिर्दीत त्याने चार गोल केले, आणि दोन स्वतःच्याच जाळ्यात घातले. ते दोन गावात जास्त लक्षात आहेत.

मी अन्विता सरनाईक, कोल्हापूरची. आमच्याकडे फुटबॉल पेठेपेठेत खेळतात आणि वर्षभर त्यावरून भांडतात. कुस्तीच्या तालमींनीच फुटबॉलचे संघ काढलेले. माझे बाबा आमच्या तालमीच्या संघात बारा वर्षं बचावाला होते. ते लहानपणी मला शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसवून सांगायचे, "चेंडूकडं बघू नगंस. चेंडू नसलेल्या माणसांकडं बघ." त्या एका वाक्यावर मी पुढे इंजिनिअर झाले, फ्रान्सला आले आणि चार जणांच्या एका कंपनीत 'सुफ्लर' बनवला.

सुफ्लर म्हणजे नाटकात विंगेत बसून नटाला विसरलेलं वाक्य पुरवणारा माणूस. आमचा सुफ्लर डाळीच्या दाण्याएवढा. कानामागच्या हाडावर तो चिकटवायचा. मैदानाभोवतीचे सोळा कॅमेरे बावीसही खेळाडूंच्या जागा सेकंदाला पन्नास वेळा टिपतात. त्यावरून यंत्र पुढच्या दीड सेकंदात काय होईल याचा अंदाज बांधतं आणि बचावपटूने कुठे असायला हवं ते हाडावर हलके टिचक्या मारून सांगतं. डावीकडे, उजवीकडे, पुढे, मागे. आवाज बाहेर कुणाला ऐकू जात नाही. खेळाडूने किती टिचक्या मानल्या ते सामन्यानंतर टक्क्यांत दिसतं. त्याला आम्ही 'ऐकल्याचा टक्का' म्हणत होतो. पुढे कोच लोक त्या आकड्याला खेळाडूचा टक्का म्हणू लागले. घोळ तिथूनच सुरू झाला.

असं यंत्र शिकवायला एक गुरू लागतो. २०३८ साली आम्हाला कुणी विचारत नव्हतं. एकट्या पोर्झेल क्लबने आपली जुनी चित्रणं दिली. त्यात मला गायेल सापडला. मैदानावर सगळ्यांत कमी धावणारा, आणि तरी त्याच्या बाजूने गोल होतच नसत. चेंडू यायच्या आधी तो तिथे उभा असे, जणू बसची वाट बघतोय. बाबा म्हणायचेच, "पळणारा डिफेंडर म्हंजे चुकलेला डिफेंडर." तोवरच्या त्याच्या बारा हंगामांपैकी ज्या नऊ हंगामांत संघाने सर्वांत कमी गोल खाल्ले, तेवढेच मी निवडले आणि उरलेले तीन फेकून दिले. तेव्हा मला स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं. त्या नऊ हंगामांत आणखी एक गोष्ट सारखी होती. ती मी बघितलीच नाही.

यंत्राचं शिकणं घोकंपट्टीच्या पोरासारखं असतं. माणूस कुठे उभा राहिला ते त्याला दिसतं. का उभा राहिला ते दिसत नाही. गायेल एकदा शिंकला असता आणि त्याच वेळी गोल वाचला असता, तर आमच्या यंत्राने शिंकायलाही शिकवलं असतं.

तीन वर्षांत चाळीस क्लबांनी सुफ्लर घेतला. बावीस-बावीस वर्षांचे बचावपटू गायेलसारखे उभे राहू लागले. आणि पोर्झेलमध्ये खुद्द गायेलचा ऐकल्याचा टक्का एकसष्टवर आला.

"माझंच जुनं भूत माझ्या कानामागे टिचक्या मारतंय," तो एकदा सरावानंतर मला म्हणाला. "आणि ते भूत चुकतंय, अन्विता."

"भूत तुझ्याच नऊ हंगामांचं आहे."

"म्हणून तर मला माहीत आहे ना ते चुकतंय."

त्याहून जास्त तो काही बोलेना. मी खनपटीला बसले तर बुटांच्या नाड्या सोडायला लागायचा. हा माणूस नाड्या सोडायला लागला की संभाषण संपलं असं समजायचं.

संघाचा कोच होता फाब्रिस मोंदेझीर. पूर्वी गायेलचा बचावातला जोडीदार आणि क्लबचा कप्तान. चार वर्षांपूर्वी निवृत्त झाला, दोन वर्षांपूर्वी कोच झाला. मैदानाच्या बाहेरच्या भिंतीवर त्याचं दोन मजली चित्र आहे आणि खाली लिहिलंय, 'मोंदेझीरच्या पलीकडे वाट नाही.' उंचापुरा, ताठ, शिस्तीचा. गायेलवर त्याचा जीव होता, आणि म्हणूनच तो त्याच्या बाबतीत दुप्पट कडक वागायचा. मित्राला सांभाळून घेतो असं कुणी म्हटलेलं त्याला चालणार नव्हतं.

"एकसष्ट," फाब्रिस मला आकडा दाखवत म्हणाला. "तेओचे अठ्ठ्याण्णव. तूच सांग, मी कुणाला खेळवू?"

तेओ गायेलच्या जागी आलेला नवा खेळाडू. टिचकी पडली की हलायचा, नाही पडली तर पुतळा. आकडा माझाच होता.

गायेलला फार काही नको होतं. आणखी एक हंगाम. "मला कसं थांबायचंय ते मला ठरवू दे," एवढंच तो म्हणायचा. करार मे अखेरीस संपत होता आणि नवा करायचा की नाही हे फाब्रिसच्या सहीवर होतं.

मग मी हट्टाला पेटले. गायेल नेमक्या कोणत्या टिचक्या नाकारतो ते काढलं. थकल्यामुळे नाकारत असेल तर सगळीकडे थोड्या थोड्या असायला हव्या होत्या. तसं नव्हतं. दहातल्या आठ एकाच प्रकारच्या होत्या. हल्ला मधून यायला लागला की यंत्र सांगायचं, अर्धं पाऊल डावीकडे. चाळीसेक सेंटिमीटर. गायेल ते पाऊल टाकत नव्हता. आणि जुन्या नऊ हंगामांत त्याने ते दर वेळी टाकलं होतं, न चुकता.

दुसरं जे दिसलं ते याहून वाईट होतं. चाळीसही क्लबांचे बचावपटू ते पाऊल टाकत होते आणि त्यांच्या उजवीकडे चाळीस सेंटिमीटरची फट पडत होती. गायेलला पूर्वी ते परवडायचं, कारण त्याच्या उजव्या अंगाच्या खेळाडूला त्याने आत सरकून खेळायची सवय लावली होती. बाकीच्यांना तसं कुणी नव्हतं. काही हुशार संघांना ती फट सापडायला लागली होती.

चित्रणाचे तुकडे मी बाबांना पाठवले. बाबा आता सत्तरीचे आहेत, गुडघे गेलेत, पण नजर शाबूत आहे. दोन दिवसांनी फोन आला.

"जेवलीस का?"

"बाबा, ते व्हिडिओ बघितले का?"

"बघितलं. आदी जेवलीस का सांग."

"जेवले."

"हां. तर ह्यो तुझा फ्रेंच गडी लई गुणाचा हाय. शेजारच्याला सांभाळतोय त्यो."

"कुणाला?"

"त्येच्या डाव्या अंगाला त्यो उंच कप्तान हाय न्हवं? त्येला उजव्या डोळ्यानं दिसत न्हाई."

मी हसलेच. "काहीतरीच काय, बाबा! फ्रान्समधला कप्तान होता तो. डॉक्टर तपासतात दरवर्षी."

"डाक्टर डोळं तपासत्यात. तू मान बघ. उजवीकडं बघायचं झालं की गडी अख्खी मान वळवतोय. डावीकडं नुसतं डोळं फिरवतोय." बाबांनी आवाज खाली आणला. "आमच्या बंडू साळोख्याचं आसंच हुतं. ल्हानपणी विटी लागली हुती डोळ्याला. बारा वर्सं मी त्येच्या अंगाला सरकून खेळलो. पेठंत कुणाला म्हाईत न्हाई. तुझ्या आईलाबी न्हाई."

"बंडूकाकांना तरी सांगितलंत?"

"खुळी का काय तू? त्येला सांगितलं आसतं तर दुसऱ्या दिवशी त्यानं बूट खुटीला टांगलं आसतं. तालमीत ह्ये शिकवायला लागत न्हाई, अन्वी. जोडीदाराची दुखरी बाजू आपण झाकायची आणि गप ऱ्हायचं." मग सूर बदलून म्हणाले, "यंदा फॉरेनर घ्यायचाच हाय आमास्नी. दे की त्येला पाठवून. मिसळ खायाला घालू रोज."

मी रात्रंदिवस सोळा कॅमेरे लावून जे शोधलं नाही, ते या म्हाताऱ्याने मोबाइलवर बघून सांगितलं. राग आला, आणि अभिमानही वाटला. मी जुनी चित्रणं पुन्हा काढली. मान. दर वेळी मान. नऊ हंगामांच्या चित्रणात ते माझ्या डोळ्यांसमोर होतं. मी जे नऊ हंगाम निवडले त्यांतली ती दुसरी सारखी गोष्ट हीच, की ते सगळे फाब्रिसच्या शेजारचे होते. फेकलेले तीन त्याच्याशिवायचे.

दुसऱ्या दिवशी सराव संपल्यावर मी गायेलला धक्क्यावर गाठलं. तो बोटींकडे बघत सँडविच खात बसला होता.

"फाब्रिसचा उजवा डोळा," मी म्हटलं.

त्याने घास गिळला. नाड्या सोडायला हात खाली गेला, पण त्या दिवशी पायांत चपला होत्या.

"कुणी सांगितलं?"

"माझ्या बाबांनी. कोल्हापुरातून."

त्याने उरलेलं सँडविच बाजूला ठेवलं. मग म्हणाला, "आम्ही जोडीने खेळायला लागलो त्याच आठवड्यात. जेवणाच्या टेबलावर त्याने मीठ मागितलं. मी उजवीकडून पुढे केलं. त्याचा हात मीठदाणीच्या बाजूने हवेत फिरला. मग त्याने मान वळवली आणि जणू काही झालंच नाही असं मीठ घेतलं. तेव्हापासून मी त्याच्या डावीकडून देतो. सगळं. मीठ, पाणी, बातम्या. आणि मैदानात त्याच्या बाजूला जरा सरकून उभा राहायचो. त्याला माहीत नाही मला माहीत आहे ते."

"गायेल, तो तुला काढतोय. तू जे पाऊल टाकत नाहीस म्हणून काढतोय, ते पाऊल त्याच्यासाठी होतं!"

"हो."

"मग आता का टाकत नाहीस? टाक की. टक्का वाढेल, करार मिळेल."

तो माझ्याकडे असा बघायला लागला, जणू मी काहीतरी अश्लील बोलले होते. "आता डावीकडे जो आहे त्याचे दोन्ही डोळे चांगले आहेत. मी तिकडे सरकलो तर उजवीकडून गोल जाईल. गोल जाऊ द्यायचा? टक्क्यासाठी?"

"मग फाब्रिसला सांग."

"काय सांगू? भिंतीवरचं ते चित्र खोटं आहे? तुझ्या उजवीकडून कुणी गेलं नाही कारण तिथे मी होतो?" त्याने सँडविचच्या कागदाची बारीक बारीक घडी केली. "अन्विता, त्याच्याकडे तेवढंच आहे. शब्द दे, तू बोलणार नाहीस."

मी दिला. का दिला कुणास ठाऊक. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो मी त्या क्षणी आपण होऊन मागून घेतला.

शब्द देऊन झाल्यावर मी आडवाट शोधली. पॅरिसच्या मुख्य कार्यालयाला रीतसर अहवाल पाठवला की यंत्राने शिकलेलं डावीकडचं अर्धं पाऊल सदोष आहे, ते काढावं. कंपनी आता चार जणांची राहिली नव्हती. वर मादाम ओझान नावाच्या बाई बसल्या होत्या आणि दुरुस्तीच्या अर्जात 'कारण' असा एक रकाना होता.

मी लिहिलं, 'खेळाडूची जुनी सवय.'

अर्ज परत आला. शेरा: 'त्या खेळाडूच्या सवयी हीच आपली संपत्ती आहे. कारण द्यावे.'

मी लिहिलं, 'परिस्थिती बदलली आहे.' पुन्हा परत. 'कोणती?'

मी रागाने लिहिलं, 'सांगता येत नाही.' तिसऱ्यांदा परत आला तेव्हा त्याची प्रत क्लबच्या कोचलाही गेली होती. नियमच तसा होता. फाब्रिसने मला बोलावून घेतलं.

"चाळीस सेंटिमीटर?" तो म्हणाला. "हंगामाचे तीन सामने राहिलेत, आपण तळापासून तिसरे आहोत आणि तू पॅरिसला चाळीस सेंटिमीटरवर पत्रं पाठवतेस? आणि कारण विचारलं तर सांगता येत नाही?"

"तुम्ही जुनी चित्रणं एकदा बघाल का? तुमच्या वेळची?"

"माझ्या वेळी गायेल ते पाऊल टाकायचा. दर वेळी. म्हणूनच आमचा बचाव अभेद्य होता. आता तो आळशी झालाय आणि तू त्याच्या आळसाला यंत्राचा दोष म्हणतेस. तुझी मैत्री मला कळते. पण मला आकडे हवेत."

ज्याचं करावं भलं तो म्हणतो माझंच खरं. मी तिथे उभी होते, त्याच्या उजव्या बाजूला, आणि तो माझ्याशी बोलताना अख्खी मान वळवून बघत होता. जीभ चावून चावून माझ्या तोंडात रक्ताची चव आली असेल. मी बाहेर आले आणि कॉफीच्या यंत्राला लाथ मारली. पायाचा अंगठा आठवडाभर दुखत होता.

शेवटचा सामना घरच्या मैदानावर होता, दुपारी तीनला. बरोबरी झाली तर टिकलो, हरलो तर तिसऱ्या विभागात. समोरच्या संघाला फट माहीत होती, हे पहिल्या दहा मिनिटांत कळलं. ते चेंडू मधून आणायचे, तेओच्या कानामागे टिचकी पडायची, तो शहाण्या मुलासारखा अर्धं पाऊल डावीकडे जायचा आणि चेंडू त्याच्या उजवीकडून निघायचा. पहिला गोल अठराव्या मिनिटाला. आपला एक परतफेडीचा, नशिबाने, कॉर्नरवरून. दुसरा त्यांचा पंचावन्नाव्या मिनिटाला, पुन्हा त्याच फटीतून. तेओ रडकुंडीला येऊन कानामागे हात लावत होता. माझ्या टॅबवर त्याचा टक्का नव्व्याण्णव दाखवत होता. इतकी आज्ञाधारक हार मी आयुष्यात पाहिली नाही.

पासष्टाव्या मिनिटाला तेओच्या पोटरीत गोळा आला. फाब्रिसकडे दुसरा माणूस नव्हता. त्याने गायेलकडे न बघता हात केला.

गायेल उतरला. पंचवीस मिनिटांत त्याने फार काही केलं नाही. एकदाही घसरून चेंडू काढला नाही, ओरडला नाही. फक्त उभा राहिला, जिथे उभं राहायचं तिथे. चेंडू मधून यायचा, त्याच्या कानामागे टिचकी पडायची, तो जागचा हलायचा नाही. आणि चेंडू घेऊन येणारा गडी समोर बघायचा, फट नाही असं बघून गोंधळायचा आणि मागे वळायचा. असं सात वेळा झालं. आठव्या वेळी गायेलने चेंडू अलगद काढून पुढे दिला आणि त्यातून आपला बरोबरीचा गोल झाला. लोक गोल करणाऱ्याच्या अंगावर जाऊन पडले. गायेल वाकून नाडी बांधत होता.

आम्ही टिकलो.

ड्रेसिंग रूमच्या बाहेर मी फाब्रिसला अडवलं. "बघितलंत ना?"

"बघितलं." त्याने टॅब माझ्यापुढे धरला. गायेल केर्मारेक, चौपन्न टक्के. "निम्म्या वेळा चुकीच्या जागी होता. आज नशिबाने वाचलो. नशिबावर मी पुढचा हंगाम उभारू शकत नाही."

"पण त्याच्या बाजूने एकही चेंडू गेला नाही!"

"घडलं नाही त्याचा हिशोब कसा करायचा, अन्विता? तूच तर तीन वर्षं सांगत होतीस की ते मोजायलाच हे यंत्र आहे."

हे मात्र खरं होतं. ती ओळ आमच्या जाहिरातीतली होती आणि मीच लिहिली होती.

चार दिवसांनी त्याने सही केली. गायेलचा करार संपला, तेओचा तीन वर्षांचा झाला, कागद लीगकडे गेले. गायेलला फाब्रिसने स्वतः घरी जाऊन सांगितलं. गायेलने म्हणे त्याला जेवायला थांबवलं. मी ते ऐकलं आणि इतकी चिडले की दोन दिवस गायेलशी बोलले नाही. बाबांनी फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "त्यो बरोबर वागला. तूबी बरोबर वागलीस. दोगंबी बरोबर वागला म्हणून त्येचं नुकसान झालं. व्हतंय आसं." त्यावर मी बाबांवरही चिडले.

जूनच्या दुसऱ्या रविवारी पोर्झेलमध्ये जुन्या खेळाडूंचा सामना असतो. अर्धा गाव जमतो, मैदानाकडेला बाया तव्यावर गव्हाच्या पिठाचे पातळ पोळे काढतात, सफरचंदाची दारू वाहते. त्या वर्षी तोच गायेलचा निरोपाचा सामना ठरला. कंपनीने फर्मावलं की सगळ्यांना सुफ्लर लावा, टक्के मोठ्या पडद्यावर दाखवा, गावकऱ्यांना मजा येईल. मी दातओठ खात सगळ्यांच्या कानामागे टिकल्या चिकटवल्या. गायेलच्याही.

"आज तरी ऐक त्याचं," मी त्याला टोमणा मारला.

तो नुसता हसला.

फाब्रिस चार वर्षांनी बूट घालून उतरला, त्याच्या जुन्या जागी. शेजारी गायेल. दोघांची पोटं थोडी पुढे, श्वास लवकर लागत होता, पण पहिल्याच हल्ल्याला मी टॅबवरून मान वर केली. गायेल डावीकडे सरकला होता. टिचकी पडायच्या आधीच. पुढच्या वेळी पुन्हा. त्याने ठरवून केलं असेल असं मला वाटत नाही. चार वर्षं बंद असलेल्या घरात शिरून माणूस अंधारात बरोबर बटणावर हात ठेवतो, तसं ते होतं. समोरून गोदीतला एक तरणा कामगार चेंडू घेऊन फाब्रिसच्या उजव्या बाजूने घुसायला बघत होता. दर वेळी त्याला तिथे गायेल भेटत होता.

सामना कितीने सुटला ते कुणाला आठवत नाही. नंतर पडद्यावर टक्के आले आणि लोक एकमेकांची टर उडवायला लागले. बेकरीवाल्याचे बारा टक्के. गावच्या पाद्रीबाबांचे एकोणतीस.

गायेल केर्मारेक, सत्त्याण्णव.

टाळ्या पडल्या. फाब्रिस टॉवेलने तोंड पुसत माझ्या टेबलाशी आला. हसत होता. "बघ! वर्षभर चौपन्न, साठ, आणि आज सत्त्याण्णव. काढून टाकल्यावर ऐकायला लागला गाढव." मग हसू जरा कमी झालं. "यंत्र बिघडलंय का?"

"नाही."

"मग आज वेगळं काय होतं?"

मी शब्द दिला होता. मी फक्त त्याच्याकडे बघत राहिले, आणि माझ्या आयुष्यात मी इतक्या मोठ्याने कधी गप्प बसले नसेन.

त्याने पडद्याकडे बघितलं. मग मैदानाकडे, जिथे ते दोघे उभे होते त्या जागेकडे.

"आज मी होतो," तो हळू म्हणाला.

त्याने डावा तळहात उचलून डाव्या डोळ्यावर ठेवला, चष्म्याच्या दुकानात ठेवतात तसा, आणि तसाच उभा राहिला. मागे कुणीतरी ॲकॉर्डियन वाजवत होतं. हात खाली आला तेव्हा तो एकदम म्हातारा दिसत होता.

"तो करार..." तो म्हणाला.

"पंधरा दिवस झाले. तुम्हीच सही केलीत."

"नऊ वर्षं," तो म्हणाला. "मी अक्षरांचा तक्ता पाठ करून जायचो डॉक्टरकडे. मला वाटायचं, मी सगळ्यांना फसवलं." त्याने खुर्ची ओढली आणि बसला. "तुझा तो अर्ज. काढ."

मी टॅबवर अर्ज काढून दिला. तिसऱ्यांदा परत आलेला, 'कारण'च्या रकान्यात 'सांगता येत नाही'. त्याने ते खोडून एका बोटाने, एकेक अक्षर शोधत लिहिलं: 'शेजारच्या माणसाला उजव्या डोळ्याने दिसत नव्हतं. त्याला वाटायचं, हे कुणाला माहीत नाही. फाब्रिस मोंदेझीर.' आणि पाठवून दिला. चाळीस क्लबांतून ते पाऊल आठवड्याभरात निघून जाणार होतं. गायेलला त्याचा आता काडीचा उपयोग नव्हता.

गायेल हातात दोन ग्लास घेऊन गर्दीतून येत होता. त्याला यातलं काही माहीत नव्हतं. तो फाब्रिसच्या उजव्या बाजूने आला आणि सवयीने त्याच्या पाठीमागून वळसा घालायला लागला, डावीकडे जाण्यासाठी. इतक्या वर्षांत मी त्याला शंभर वेळा असा वळसा घालताना बघितलं होतं आणि मला वाटायचं, चालायची पद्धत असेल एखाद्याची.

"थांब," फाब्रिस म्हणाला. मान न वळवता, समोर बघत. "इकडूनच दे."

गायेल थांबला. त्याने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, मी काही बोलले नाही म्हणून. मग त्याने फाब्रिसकडे बघितलं, आणि त्याला कळलं.

त्याने ग्लास उजवीकडून पुढे केला. फाब्रिसने हात लांब केला. मान वळवली नाही. बोटं ग्लासाच्या बाजूने हवेत चाचपडत राहिली.

गायेल अर्धं पाऊल डावीकडे सरकला आणि ग्लास त्याच्या हातात दिला.